आखाजी ते मृग

अमळनेरच्या आमच्या हौशी नाट्यमंडळींचे वर्ष बराच काळ एकाच चाकोरीतून जात होते. दिवाळीपूर्वी संहिता निवडायची, राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावरची तारीख कळली की तिच्या हिशेबाने तालमी उरकायच्या, नेपथ्य टेम्पोत भरून न्यायचे, पुढे परीक्षक आणि मागे दुसऱ्या संघांची माणसे बसलेली अशा प्रेक्षागृहात एक प्रयोग करायचा आणि रात्री तेच नेपथ्य पुन्हा टेम्पोत भरून परत आणायचे. तीन महिन्यांच्या खटपटीचा तो एकुलता एक प्रयोग असे. २०२३ च्या सुरुवातीला निकाल लागला, आमच्या वाट्याला काहीच आले नाही, आणि त्याच संध्याकाळी चहाच्या टपरीवर आमच्यातल्या एकाने विचारले की हे नाटक आपल्या गावातल्या किती माणसांनी पाहिले. मोजू लागलो तर दोन हातांची बोटेसुद्धा पुरी लागली नाहीत.

उन्हाळी हंगामाची कल्पना त्या प्रश्नातून निघाली. मी तिच्या विरोधात होतो, हे आधीच सांगून टाकतो. मे महिन्यात खान्देशात दुपारी कुत्रेही रस्त्यावर दिसत नाही, तिथे नाटक पाहायला कोण येणार, असे माझे म्हणणे होते. त्यावर आमच्या मंडळीतल्या निवृत्त संस्कृत शिक्षकांनी मला शांतपणे आठवण करून दिली की या मुलखात माणसे उघड्यावर बसून जे काही बघत आली आहेत ते बहुतेक चैत्र-वैशाखातच बघत आली आहेत. तमाशाचे फड यात्रांच्या दिवसांत फिरतात, वहीगायनाच्या, म्हणजे इकडच्या लोकगायनाच्या, रात्री तेव्हाच रंगतात, आणि आमच्याच गावात बोरी नदीच्या कोरड्या वाळवंटात सखाराम महाराजांची यात्रा वैशाखात भरते. बंद नाट्यगृहाची सवय आम्हाला लागली होती, लोकांना नव्हे. शिवाय आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, सुरतेला गेलेली पोरे गावी येतात, रब्बी उरकलेली असते आणि मृग लागेपर्यंत शेतकऱ्याच्या संध्याकाळी मोकळ्या असतात. त्या वर्षी आखाजी २२ एप्रिलला होती आणि मृग नक्षत्र ८ जूनला लागणार होते. या दोन तारखांच्या मधल्या सहा-सात आठवड्यांत आठ गावांत आठ प्रयोग करायचे, असे ठरले.

काय करायचे यावर मात्र फार वाद झाला नाही. एक जुने आणि एक नवे, अशी दोन नाटके एकाच रात्री करावीत असे सर्वांनाच वाटत होते. जुन्यासाठी संस्कृत शिक्षकांनी प्राचीन संस्कृत नाटककार भासाचे ‘ऊरुभंग’ सुचवले. भासाची म्हणून मानली जाणारी तेरा नाटके विसाव्या शतकाच्या आरंभी त्रावणकोर संस्थानात गणपतिशास्त्री यांना सापडली आणि १९१२ पासून ती छापली गेली, ही माहिती मला त्यांच्याकडूनच मिळाली. ‘ऊरुभंग’ एकांकी आहे, तासाभरात होते, त्याला राजवाडा लागत नाही, पडदा लागत नाही, कारण सगळे नाटक रणभूमीवरच घडते. भीमाने मांड्या फोडलेला दुर्योधन मातीत पडलेला आहे, चिडलेला बलराम, आंधळा बाप, डोळ्यांवर पट्टी बांधलेली आई, दोन राण्या, बापाच्या मांडीवर बसायला निघालेला लहानगा दुर्जय आणि शेवटी सूडाची प्रतिज्ञा करणारा अश्वत्थामा असे एकेक जण त्याच्याकडे येतात, आणि दुर्योधन प्रेक्षकांसमोर प्राण सोडतो. रंगमंचावर मृत्यू दाखवू नये हा नाट्यशास्त्राचा संकेत भासाने इथे मोडला आहे. शिक्षकांनी मराठी रूपांतर केले आणि निवडक श्लोक मूळ संस्कृतात गाण्यासाठी ठेवले.

नवे नाटक आम्हीच बसून लिहिले आणि ते अहिराणीत, म्हणजे खान्देशच्या बोलीत, लिहिले. सुरतेच्या कापड बाजारात हमाली करणारा धाकटा भाऊ आखाजीला घरी येतो आणि वावर विकायचे म्हणतो, थोरला नाही म्हणतो, आई दोघांचेही ऐकते आणि कोणालाच उत्तर देत नाही, एवढेच त्याचे कथानक होते. त्यातले थोरल्याचे एक वाक्य पुढे गावोगाव पोरांच्या तोंडी बसले : “वावर इकी टाकं, मंग आखाजीले कोठे येशी?”

परवानग्यांचे प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण ते आठवले की अजून डोके दुखते. महाराष्ट्रात जाहीर प्रयोग करायचा तर संहितेला मुंबईच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी दोन्ही संहिता वेळेत पाठवल्या म्हणून ते काम सुटले. प्रत्येक गावात ग्रामपंचायतीची ना-हरकत आणि पोलीस ठाण्याची परवानगी ही दोन कागदपत्रे वेगळी. एका ठाण्यात आमचा अर्ज तीनदा हरवला आणि तिसऱ्या वेळी तो आमच्यासमोरच एका फायलीखाली सापडला. मात्र त्याच फेऱ्यांमध्ये आमच्या सगळ्या हंगामाचे माप ठरवणारी एक गोष्ट स्पष्ट झाली. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि वाद्येही वाजवता येत नाहीत. मेच्या मध्यावर आमच्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि पुरता अंधार पडायला साडेसात होतात. म्हणजे पावणेआठला सुरू करून दहाच्या आत सारे संपवायचे. सव्वादोन तासांत दोन नाटके बसवायची तर एकेका वाक्याची छाटणी करावी लागली, आणि स्पर्धेच्या वेळी मी ज्या दीर्घ शांततांसाठी हट्ट धरत असे त्या सगळ्यांत आधी गेल्या.

मार्चपासून तालमी सुरू झाल्या. शाळेच्या मैदानावर पहाटे साडेपाच ते आठ, एवढाच वेळ उपयोगाचा होता. एकदा सुट्टीच्या दिवशी मी हट्टाने अकरापर्यंत तालीम ओढली आणि बलरामाची भूमिका करणारा आमचा तगडा गडी भोवळ येऊन बसला. तेव्हापासून साडेआठनंतर कोणालाही उभे करायचे नाही, आणि दर अर्ध्या तासाला मीठ-साखर-लिंबाचे पाणी किंवा ताक घ्यायचेच, असा नियम केला. कैरीचे पन्हे आमच्यापैकी एकीच्या सासूबाई रोज बरणी भरून पाठवत. या सगळ्या उद्योगातला सर्वांत नियमित आणि सर्वांत बिनबोभाट सहभाग त्यांचाच होता.

खरा प्रश्न आवाजाचा होता. माईक वापरायचे की नाही यावर मंडळीत दोन तट पडले. कॉलरला लावायचे माईक भाड्याने आणावेत, असे तरुणांचे म्हणणे होते. परंतु घामाने ते बंद पडतात, वारा त्यांत फुंकर घालतो, आणि चौदा माणसांच्या नाटकाला ते परवडतही नाहीत. तेव्हा संस्कृत शिक्षकांनी नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय काढला. भरताने नाट्यगृहाचे विकृष्ट (लांबट), चतुरस्र (चौरस) आणि त्र्यस्र (त्रिकोणी) असे तीन आकार आणि ज्येष्ठ, मध्यम, अवर (लहान) अशी तीन मापे सांगितली आहेत. माणसांसाठी त्याने मध्यम आकाराचे, म्हणजे चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद असे नाट्यगृह योग्य ठरवले आहे. त्याहून मोठे केले तर पाठ्याचा स्वर विरून जातो आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, हे त्याचे कारण. चौसष्टपैकी निम्मी लांबी नटांची आणि निम्मी प्रेक्षकांची. हात म्हणजे साधारण दीड फूट धरला तर प्रेक्षकांसाठी अठ्ठेचाळीस फूट लांब आणि तितकीच रुंद अशी चौरस जागा होते.

मला हे सगळे ग्रंथातले वाटले. तरीही चुलतभावाच्या विहिरीवरचा जाड दोर आणला, अठ्ठेचाळीस फुटांवर गाठ मारली आणि शाळेच्या मैदानावर तो ताणून एकेकाला बोलायला लावले. गाठीपर्यंत शब्द नीट कळत होते. गाठीच्या दहा पावले पुढे गेलो की स्वर ऐकू येत, परंतु व्यंजने गळून जात, आणि ‘सूड’ म्हटले की ‘ऊड’ ऐकू येई. मी तीन वेगवेगळ्या नटांना घेऊन तीन सकाळी हाच खेळ केला आणि तिन्ही वेळा गाठ जवळपास तिथेच राहिली. भिंत नसलेल्या मैदानावर नाट्यगृहाचे माप लागू पडावे याचे मला आश्चर्य वाटले आणि थोडी लाजही वाटली. त्या अठ्ठेचाळीस फुटी चौकोनात जमिनीवर मांडी घालून साडेचारशे माणूस दाटीवाटीने बसते, हे पुढे गावागावांत मोजून पाहिले.

दोरासोबत वारा मोजणेही आले. आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. वाऱ्याच्या दिशेने बोललेला आवाज जमिनीकडे वळतो आणि लांब जातो. वाऱ्याविरुद्ध बोललेला वर उचलला जातो आणि प्रेक्षकांच्या डोक्यावरून निघून जातो. म्हणून नट पश्चिमेला आणि प्रेक्षक पूर्वेला, ही मांडणी कायम झाली. नटांच्या मागे शाळेची, देवळाची किंवा गोदामाची भिंत असेल तर सोन्याहून पिवळे, कारण ती भिंत आवाज पुढे फेकते. गावात पोहोचलो की सरपंचांच्या घरी चहा घेण्याआधी मी दोर घेऊन भिंत शोधायला निघे. सोबतीला गावातली पोरे असत आणि आम्ही जमीन मोजायला आलेले सरकारी लोक आहोत, अशी अफवा दोन ठिकाणी उठली.

पहिला प्रयोग २९ एप्रिलला ठरला होता, पण अवकाळी पावसाने तो धुऊन निघाला आणि ३ मे रोजी अमळनेर तालुक्यातल्याच एका गावी झाला. तो फसला, असे मी म्हणेन, मंडळींनी काहीही म्हणो. पहिल्या पाच मिनिटांत मागून “आवाज! माईक लावा!” अशी ओरड झाली, कारण गर्दी गाठीच्या कितीतरी पलीकडे उभी होती आणि तिला पुढे बसवण्याचे धाडस आम्हाला झाले नाही. शिवाय आम्ही ‘ऊरुभंग’ आधी ठेवले होते. पावणेआठला गावातल्या बायका चुलीपुढे असतात, हे चौदा जणांपैकी एकाही पुरुषाच्या ध्यानात आले नव्हते, आणि ज्या दोघी बायका आमच्यात होत्या त्यांनी ते सांगितले होते, पण आम्ही ऐकले नव्हते. गांधारी आणि दोन्ही राण्यांचा प्रवेश जेव्हा झाला तेव्हा समोर नुसते पुरुष आणि पोरे होती. बायका पदराला हात पुसत आल्या तोवर दुर्योधन मेला होता.

त्याच रात्री आणखी एक गोष्ट कळली, ती दुर्योधनाच्या पाठीवर. दिवसभर तापलेली काळी जमीन पावणेआठलाही चटके देते. प्रवेश झाल्यापासून शेवटपर्यंत आमच्या नटाला उघड्या अंगाने त्या भेगाळ मातीवर सरपटायचे होते. त्याने चकार शब्द काढला नाही. प्रयोग संपल्यावर पाहिले तेव्हा कोपर आणि पाठ लालबुंद झालेली दिसली. तो म्हणाला की वेदनेचा अभिनय करावा लागला नाही, एवढे एक बरे झाले.

दुसरा प्रयोग पारोळा तालुक्यात ५ मेला होता, बुद्धपौर्णिमेच्या रात्री. पहिल्या गावात बऱ्याच जणांनी विचारले होते की गदायुद्ध कधी दाखवणार. भासाने ते दाखवलेले नाही. आरंभी तीन सैनिक येतात, रणभूमीची तुलना यज्ञाशी करतात, हत्तींच्या सोंडा म्हणजे यूप (यज्ञातले खांब), बाण म्हणजे दर्भ असे ते रूपक आहे, आणि भीम-दुर्योधनाचे द्वंद्व ते डोळ्यांसमोर चालल्यासारखे वर्णन करून सांगतात. लोकांची मागणी आणि चांदणे पाहून मी दिग्दर्शकाचा अधिकार वापरला आणि दोन दिवसांत पाच मिनिटांचे गदायुद्ध बसवले. शिक्षकांनी विरोध नोंदवून ठेवला. प्रयोगात दोघे गडी गदा घेऊन भिडले आणि तिसऱ्या टोल्याला जो फुफाटा उठला त्यात भीम, दुर्योधन आणि पुढच्या तीन रांगा दिसेनाशा झाल्या. पश्चिमेचा वारा ती सगळी धूळ थेट लोकांच्या तोंडावर घेऊन गेला. लहान मुले खोकू लागली, एका म्हाताऱ्याने उठून उपरणे तोंडावर बांधले, आणि पुढची दहा मिनिटे नटांच्या घशातून आवाज निघेना. तिसऱ्या प्रयोगापासून गदायुद्ध पुन्हा सैनिकांच्या तोंडी गेले. भासाने ते का वगळले याची कारणे विद्वान सांगतील ती सांगोत, मला एक कारण त्या रात्री नाकातोंडातून कळले.

धूळ बसवायला संध्याकाळी पाच आणि साडेसहा वाजता सडा मारावा लागे. एका गावात पाणी टँकरने येत होते. तिथे सरपंचांनी स्वतः होऊन दोनशे लिटरचे पिंप देऊ केले, पण टँकरभोवती हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायका पाहिल्यावर ते पाणी जमिनीवर ओतणे आमच्याने झाले नाही. मग घराघरांतून गोणपाट गोळा करून नटांच्या जागी अंथरले. गोणपाटावर दुर्योधनाला चटकाही लागला नाही आणि धूळही उडाली नाही, म्हणून पुढे सर्वच गावांत गोणपाट अंथरू लागलो. त्याचा रंग रणभूमीच्या मातीला शोभतो हे आमच्या नेपथ्यकाराने नंतर शोधून काढले आणि ती आपलीच कल्पना असल्यासारखे तो सांगू लागला.

चौथ्या प्रयोगापासून नाटकांचा क्रम बदलला. अहिराणी नाटक पावणेआठला आणि ‘ऊरुभंग’ नऊला पाच मिनिटे कमी असताना. या एका बदलाने तीन गोष्टी साधल्या. बायकांचे आवरून होई, जमीन निवलेली असे, आणि पहिल्या नाटकाच्या हशाने पांगलेली माणसे आपोआप पुढे सरकून चौकोनात बसत. मी मात्र आठवडाभर घुसमटत होतो, कारण विनोदी नाटकानंतर शोकांत नाटक टिकणार नाही, असे माझे ठाम मत होते. चोपडा तालुक्यात, मेच्या दुसऱ्या आठवड्यात, पारा ४४ च्या पुढे गेलेला असताना झालेल्या प्रयोगात ते मत गेले. दुर्जय बापाच्या मांडीवर बसायला धावतो आणि दुर्योधन त्याला अडवतो, ही जागा आली तेव्हा समोरच्या बऱ्याच बायकांच्या मांडीवर झोपलेली पोरे होती. कोणी हुंदका दिला नाही, कोणी डोळे पुसले नाहीत. फक्त साडेचारशे माणसांतून एकही खोकला आला नाही आणि बांगड्यांचा आवाजही थांबला. ज्या शांततेसाठी मी स्पर्धेत नटांना आठ आठ सेकंद थांबवत असे ती इथे न मागता मिळाली.

प्रकाशयोजनेबद्दल लिहायचे तर किड्यांबद्दल लिहावे लागेल. १९ मेच्या अमावस्येला शिरपूर तालुक्यात शेताच्या कडेला प्रयोग होता आणि सारे रान काळेकुट्ट असताना आमचे चार दिवे एवढाच त्या परिसरातला उजेड होता. पहिल्या दहा मिनिटांत त्या उजेडाभोवती पाखरांचे ढग जमले, थोरल्या भावाच्या तोंडात बोलता बोलता एक किडा गेला, आणि त्याने तो गिळून वाक्य पुरे केले. पांढऱ्या आणि निळसर प्रकाशाकडे किडे जास्त झेपावतात, पिवळ्याकडे कमी, हे आमच्या वीजतंत्र्याला ठाऊक होते. मध्यंतरात त्याने दिव्यांना पिवळे कागद लावले आणि प्रेक्षकांच्या मागे साठ-सत्तर फुटांवर, बांधावरच्या बाभळीला एक लख्ख पांढरी ट्यूब टांगली. दहा मिनिटांत निम्मी पाखरे तिकडे गेली. तेव्हापासून आमच्या सामानाच्या यादीत ‘किड्यांची ट्यूब’ अशी स्वतंत्र नोंद आली. रंगभूषेतही पॅनकेकचा थर घामाने उतरून दुर्योधन पांढऱ्या ओघळांचा दिसू लागल्यावर आम्ही रंग लावणेच सोडले. गांधारीच्या डोळ्यांवरची पट्टी आणि सैनिकांच्या कपाळावरचा गेरू, एवढ्यावर हंगाम निघाला.

शहादा तालुक्यातला सातवा प्रयोग मला सर्वांत जास्त आठवतो. त्या गावाहून उत्तरेला सातपुड्याची रांग दिसते, आणि त्याच रांगेत अक्राणी तालुक्यातले अस्तंब्याचे शिखर आहे, जिथे दिवाळीत आदिवासी बांधवांची मोठी यात्रा भरते. तो डोंगर अश्वत्थाम्याचा. कपाळावरचा मणी काढून घेतल्यावर झालेली जखम घेऊन तो अजून त्या रानात फिरतो आणि वाटसरूंकडे जखमेवर लावायला तेल मागतो, ही कथा इकडे लहान मुलालाही ठाऊक असते. आम्हालाही ती ठाऊक होती, पण नाटक करताना तिचा विचार कोणी केला नव्हता. आमच्यासाठी अश्वत्थामा हे शेवटच्या दहा मिनिटांचे, जोरात बोलणारे एक पात्र होते. त्या रात्री तो धनुष्य घेऊन उजेडात आला आणि सैनिकांच्या वाक्यातून त्याचे नाव उच्चारले गेले, तशी गर्दीतून एक कुजबुज मागपर्यंत गेली. उभी असलेली माणसे खाली बसली. आमचा अश्वत्थामा तालुक्याच्या बँकेत रोखपाल आहे. तो क्षणभर वाक्य विसरला आणि मग जे बोलला ते नेहमीपेक्षा कितीतरी हळू बोलला, तरी शेवटच्या माणसापर्यंत पोहोचले.

प्रयोगानंतर एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत आले आणि त्यांनी त्याचा चेहरा हाताने वर करून दिव्यात पाहिला. “कपायवर जखम कोठे शे?” त्यांनी विचारले. मी पुढे होऊन खुलासा केला की बाबा, नाटकातला प्रसंग त्याच्या आधीचा आहे, अजून त्याने रात्रीचा संहार केलेला नाही, मणी जायचा आहे, जखम व्हायची आहे. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले की ते तुमच्या पोथीत असेल, आमच्याकडे तो जखमेसकटच येतो. तेवढ्यात त्यांच्या घरातल्या आजी वाटीत तेल घेऊन आल्या होत्या. आमच्या रोखपालाला ते घ्यावे की नाही कळेना. तो माझ्याकडे पाहत होता आणि मी शिक्षकांकडे. शिक्षकांनी डोळ्यांनी खुणावले, तेव्हा त्याने ओंजळ पुढे केली. आठव्या प्रयोगाला जखम दाखवायची का यावर परतीच्या जीपमध्ये सारंगखेड्याचा तापीवरचा पूल येईपर्यंत कडाक्याचे भांडण झाले. काळाचा क्रम मोडतो म्हणून मी नको म्हणत होतो. सर्वांत आधी हो म्हणाले ते शिक्षक, ज्यांनी गदायुद्धाला विरोध नोंदवला होता. अखेर गेरूची एक आडवी रेघ ठरली.

ती रेघ फार लोकांना दिसली नाही. आठवा प्रयोग ४ जूनला तापीकाठच्या एका केळीच्या गावी होता. दिवसभर हवा कोंडलेली होती, वायव्येला काळे दिसत होते, आणि यजमान शेतकरी सकाळपासून आभाळाकडे पाहत होते. अहिराणी नाटक पार पडले. ‘ऊरुभंग’च्या मध्यावर वारा थांबला, मग उलटा फिरला, आणि वावधन आले. दिव्यांचे खांब हलू लागले तेव्हा वीजतंत्र्याने आधी जनरेटर बंद केला, हे त्याचे शहाणपण. ताडपत्री आणि खांब बांधायला काहीच हाताशी नव्हते म्हणून मी विहिरीच्या दोराचे कोयत्याने दोन तुकडे केले. अंधारात विजेचा लखलखाट झाला आणि त्या उजेडात मांड्या फुटलेला दुर्योधन उठून, गोणपाट काखोटीला मारून, शाळेच्या ओसरीकडे धावताना सगळ्या गावाने पाहिला. त्याला हंगामातला सर्वांत मोठा हशा आणि टाळ्या मिळाल्या. अश्वत्थामा कपाळावर रेघ घेऊन ओसरीत उभा राहिला आणि त्याचा प्रवेश झालाच नाही.

सकाळी यजमानांच्या बागेत गेलो. घड लागलेली निम्मी झाडे कंबरेतून मोडून आडवी पडली होती. केळीचे झाड एकदा पडले की उचलून उभे करता येत नाही, त्यामुळे मदत करण्यासारखे काही नव्हते. आदल्या रात्री झोळीत त्यांनी घातलेले पाचशे रुपये परत द्यायचा प्रयत्न केला तर ते रागावले. राहिलेला अर्धा तास पुढच्या वर्षी दाखवा, एवढेच म्हणाले.

हिशेबाचे सांगायचे तर झोळीत पैसे, ज्वारी, दादर (रब्बीची ज्वारी) आणि एका गावात दोन कोंबड्या आल्या. दोन जीपांचे भाडे आणि जनरेटरचे डिझेल जेमतेम निघाले, दिव्यांचे भाडे आम्ही चौदा जणांनी वाटून घेतले. येत्या स्पर्धेत भाग घ्यायचा की नाही यावर मंडळीत अजून एकमत नाही, आणि मी या वेळी कोणत्या बाजूला आहे हे माझे मलाच नीट कळत नाही. चुलतभावाला मात्र विहिरीसाठी अखंड दोर हवा आहे. मी गाठीचा तुकडा आमच्याकडे ठेवतो आणि त्याला नवा दोर आणून देतो असे म्हणालो, तर नवा नको, जुनाच हवा होता, तो मुरलेला होता, असे तो गेले काही महिने भेटेल तिथे ऐकवतो आहे.